विश्लेषण : जुन्या रहस्यपटांतील भुतामागे माणूसच का निघतो?

‘महल’, ‘बीस साल बाद’, ‘पाठलाग’, ‘हा खेळ सावल्यांचा’... जुने रहस्यपट आणि भयपट आज मोबाइलवर सहज सापडतात, पण ते नीट पाहिले जातात का? धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे भुताच्या आवईमागे अनेकदा बांधाचा वाद असतो, तिथे हे चित्रपट आजही का पाहावेत आणि कसे पाहावेत, याचा वेध...

हा विषय आताच कशासाठी?

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला. २०१८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला होता. दुसऱ्या वेळी मात्र त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली. घरात बसून पाहता येणारा चित्रपट लोक तिकीट काढून अंधारात पाहायला गेले, ही गोष्ट छोटी नाही. भीतीचा चित्रपट चारचौघांत बसून, मोठ्या पडद्यावर पाहण्याची भूक अजून आहे, हे त्यातून दिसले.

धाराशिव जिल्ह्यात ही भूक भागण्याची सोय मात्र कमी होत गेली. जत्रेतला टुरिंग टॉकीजचा तंबू, तालुक्याच्या गावातले एकपडदा थिएटर, गणपतीत वर्गणी काढून आणलेला ‘व्हिडिओ’ आणि रात्रभर लागोपाठ चालणारे तीन चित्रपट, हे सगळे मागे पडले. नवा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा तर अनेकांना सोलापूर, लातूर किंवा बार्शी गाठावी लागते. जुन्याला तर मोबाइलशिवाय जागाच उरलेली नाही. तिथेही तो तुकड्यातुकड्यांत दिसतो : कुणी शेवटची दोन मिनिटे पाठवतो, कुणी ‘खुनी कोण’ हे मथळ्यातच सांगून टाकतो. ज्या चित्रपटांची सगळी ताकद वाट पाहायला लावण्यात आहे, त्यांचे यात सर्वाधिक नुकसान होते. तसे होऊ देऊ नये. कारण या चित्रपटांकडे घाबरवण्यापलीकडचेही काही देण्यासारखे आहे.

नॉयर, थरारपट आणि भयपट यांत फरक काय?

‘नॉयर’ म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी युद्धकाळातल्या काही अमेरिकी गुन्हेपटांना हे नाव दिले. रात्रीचे शहर, पावसाने ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर पडलेली सावली आणि पैशाच्या किंवा मोहाच्या नादात एक चुकीचे पाऊल टाकून बसलेला साधा माणूस, ही त्याची ओळख. यात पोलीसही धुतल्या तांदळाचा नसतो आणि गुन्हेगारही पुरता राक्षस नसतो.

थरारपटाची मदार प्रेक्षकाला काय ठाऊक आहे यावर असते. आल्फ्रेड हिचकॉक हे एका उदाहरणाने समजावत. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच माहीत नाही आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब प्रेक्षकाला आधीच दाखवला आणि टेबलाभोवतीची माणसे निवांत गप्पा मारत बसली, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून बसतो. पहिला प्रकार दचकवण्याचा, दुसरा थराराचा.

भयपटात धोका कुठून येतो तेच कळत नाही. तो दाराबाहेर असेल, घरात असेल किंवा पाहणाऱ्याच्या मनात. या तिन्ही प्रकारांच्या सीमा पुसट आहेत. मराठीत त्यांना सरसकट ‘रहस्यपट’ म्हटले गेले, ते एका अर्थाने बरोबरच आहे.

धाराशिवचा अशा कथांशी काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. १८५३ मध्ये निजामाच्या राज्यातले काही प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्यांपैकी नळदुर्गचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. पुढे ‘तारा’ ही कादंबरी लिहिताना त्याने तिची सुरुवात तुळजापुरात केली. पण त्याची खरी ख्याती त्याआधीच्या पुस्तकाची. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्याची कादंबरी इंग्रजीतल्या सुरुवातीच्या गाजलेल्या गुन्हेकथांपैकी एक मानली जाते.

या कादंबरीत अमीर अली नावाचा ठग आपण केलेल्या खुनांची हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगतो. वाचणारा हळूहळू त्याच्या बोलण्यात गुंतत जातो आणि मग दचकतो, की आपण एका खुन्याची बाजू ऐकत बसलो आहोत. शंभर वर्षांनी हॉलीवूडच्या नॉयरने नेमकी हीच रीत वापरली. बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये (१९४४) एक जखमी विमा एजंट रात्री कार्यालयात येतो आणि ध्वनिमुद्रण यंत्रासमोर आपला गुन्हा कबूल करू लागतो. चित्रपट तिथून सुरू होतो. गुन्हा कुणी केला हे पहिल्याच दृश्यात कळते. तो का केला आणि फसला कुठे, हे पाहत प्रेक्षक शेवटपर्यंत बसून राहतो.

टेलरचे बरेच चित्रण साहेबी नजरेचे आहे, ठगांविषयीच्या त्याच्या कल्पनांवर इतिहासकारांनी आक्षेपही घेतले आहेत. ते मान्य करूनही, गुन्हेगाराचे मन आतून दाखवणाऱ्या या लेखकाने आयुष्याची काही वर्षे नळदुर्गात काढली, ही नोंद जिल्ह्याच्या वाचकाने ठेवावी अशीच आहे.

अंधार-सावल्यांची ही भाषा महाराष्ट्रात कशी आली?

तिचा उगम जर्मनीत आहे. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ (१९२०) आणि ‘नोस्फेराटू’ (१९२२) या मूकपटांनी वाकड्या भिंती, लांब सावल्या आणि अर्धा उजेडात, अर्धा अंधारात असलेला चेहरा यांतून भीती उभी केली. मग ही भाषा दोन वाटांनी महाराष्ट्रात पोहोचली.

पहिली वाट पुण्याची. व्ही. शांताराम १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला गेले होते. तिथून परतल्यावर प्रभातच्या पुण्यातल्या नव्या स्टुडिओत त्यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) केला. त्यातल्या राजगुरूच्या डोळ्याचे, सगळा पडदा व्यापणारे दृश्य आजही अंगावर येते. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दाते यांनी केली. विषय होता बळीची प्रथा आणि ती टिकवण्यासाठी कटकारस्थान रचणारा धर्मगुरू. म्हणजे मराठी चित्रपटाने सावल्यांची भाषा शिकली तेव्हा तिचा पहिला मोठा उपयोग श्रद्धेच्या नावाने चालणारी हिंसा दाखवण्यासाठी झाला.

पाच वर्षांनी आलेला शांताराम यांचाच ‘माणूस’ (१९३९) तर नॉयरच्या अगदी जवळचा आहे. जुगाराच्या अड्ड्यावरच्या छाप्यात एक पोलीस शिपाई एका वेश्येला वाचवतो आणि दोघांच्या आयुष्याची गाठ पडते. अरुंद गल्ल्या, रात्र, सरळमार्गी माणसाची ओढाताण आणि सहजासहजी न सुटणारा भूतकाळ, सगळे त्यात आहे. ‘नॉयर’ हे नाव जन्माला यायच्या सात वर्षे आधीचा हा चित्रपट मराठी घरांत ‘सामाजिक’ म्हणूनच ओळखला जातो. तो रहस्यपटाच्या रांगेत ठेवून पाहिला, तर नव्याने उमगतो.

दुसरी वाट मुंबईच्या मालाडची. १९३४ मध्ये हिमांशु राय यांनी स्थापन केलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये जोसेफ विर्शिंग हे जर्मन छायाचित्रकार काम करत. कमाल अमरोही यांचा ‘महल’ (१९४९) त्यांनीच टिपला. त्यातला झोपाळा, झुंबरे, नदीवरची नाव आणि दिसते न दिसते अशी मधुबाला पाहिली, की हिंदी भयपटाचे पुढच्या वीस वर्षांचे सगळे साहित्य एकाच चित्रपटात गोळा झालेले दिसते.

मग या चित्रपटांतल्या भुतामागे माणूस का निघतो?

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. इथे कोणत्याही चित्रपटातला गुन्हेगार उघड केलेला नाही, पण एक गोष्ट सांगितल्याने रहस्याला धक्का लागत नाही : त्या काळातल्या बहुतेक नामांकित ‘भूतपटां’त भूत नसते. पांढरी साडी, अपरात्रीचे गाणे, मोडका वाडा, रडण्याचा आवाज हे सगळे असते. पण शेवटच्या रिळात दिवा लागतो तेव्हा समोर हाडामासाचे माणूस असते आणि त्याच्यापाशी ठोस कारण असते.

ही कारणे पाहण्यासारखी आहेत. हेमंतकुमार निर्मित, बिरेन नाग दिग्दर्शित ‘बीस साल बाद’मध्ये (१९६२) गावावर जिचा शाप आहे असे मानले जाते, तिच्यावर ठाकुराच्या घराण्यातल्या पुरुषाने अत्याचार केलेला असतो. राज खोसला यांच्या ‘वो कौन थी?’मध्ये (१९६४) नायकाला वेड लागावे म्हणून रचलेल्या सापळ्याशी वारशाचा संबंध आहे. राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाच्या ‘गुमनाम’मध्ये (१९६५) एका निर्जन जागी अडकलेली माणसे एकामागून एक मरतात आणि त्याची मुळे जुन्या पैशाच्या व्यवहारात सापडतात. घराणे, वारसा, पैसा... भूत फक्त पडदा असते.

धाराशिवच्या प्रेक्षकाला हे परके वाटायचे कारण नाही. अमुक विहिरीवर रात्री जाऊ नये, तमुक पडक्या वाड्यात काहीतरी आहे, या चिंचेखाली कुणी थांबू नये, अशा गोष्टी भूम-परांड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत गावोगाव ऐकू येतात. त्यांतल्या काही केवळ लहान मुलांना विहिरीपासून लांब ठेवण्यासाठी असतात. पण काहींच्या मागे सातबाऱ्यावरचे नाव, भावकीतला वाटा किंवा एकट्या विधवेची जमीन असते. ‘ही जागा चांगली नाही’ या एका वाक्याने जमिनीचा भाव पाडता येतो आणि ‘ही बाई चांगली नाही’ या एका वाक्याने तिला गावाबाहेर काढता येते. जुना रहस्यपट प्रेक्षकाला विचारायला शिकवतो तो प्रश्न एवढाच : या भीतीचा फायदा कुणाला होतो?

मराठी चित्रपटाने हा प्रश्न कसा हाताळला?

दोन चित्रपट पुरेसे बोलके आहेत आणि दोन्हींत काशिनाथ घाणेकर आहेत. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला. वकिलाची पत्नी मरण पावते. काही काळाने पोलीस एका स्त्रीला पकडून आणतात. तिचा चेहरा हुबेहूब त्या पत्नीचा आणि ती सांगते, की मीच तुमची पत्नी. आता न्यायालयात काय सिद्ध होणार? या चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दोनच वर्षांत राज खोसला यांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला. ‘मेरा साया’ अधिक देखणा आणि गाण्यांनी गाजलेला आहे. पण मूळ गोष्टीचा चटका ‘पाठलाग’मध्ये जास्त बसतो. तिथले घर मध्यमवर्गीय माणसाला आपले वाटते आणि त्या घरात एखादा आपल्याच स्मृतीवर शंका घेऊ लागतो, ही भीती हवेलीतल्या भीतीपेक्षा जवळची आहे.

दुसरा वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६). आशा काळे यांच्या नायिकेला छळणारे नरसूचे भूत एका पिढीच्या झोपेत येऊन गेले आहे. या चित्रपटाचे मोठेपण असे, की तो त्या तरुणीची भीती खोटी ठरवून तिची चेष्टा करत नाही. भूत खरे नसले तरी तिचा त्रास खरा आहे, हे तो धरून चालतो. गावात ‘लागिर झाले’ म्हणून जिला देवऋषाकडे नेले जाते, तिच्याविषयी एवढी समज आजही दुर्मीळ आहे.

रामसे बंधूंचे काय?

त्यांना हसणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) ते ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) या चित्रपटांचा खरा प्रेक्षक मोठ्या शहरांबाहेर होता. तालुक्याच्या गावातल्या पत्र्याच्या थिएटरमध्ये आणि ‘व्हिडिओ’वर त्यांना गर्दी होई. कमी पैशांत, घरच्याच माणसांना हाताशी धरून त्यांनी धूर, लाल-निळे दिवे आणि रबराचे मुखवटे यांच्यावर एक धंदा उभा केला. तंबूत सगळे एकदम ओरडायचे आणि मग स्वतःवरच हसायचे, ही मजा त्यांनी दिली.

पण त्यांच्याकडे आल्यावर भुतामागचा माणूस नाहीसा झाला, हेही खरे. सैतान खरा, तांत्रिक खरा, शाप खरा आणि उपाय म्हणजे त्रिशूळ. ‘बीस साल बाद’मध्ये प्रेक्षक प्रश्न विचारत बाहेर पडे, ‘पुराना मंदिर’मधून तो नुसता घामाघूम होऊन बाहेर पडे. दोन्हींची गरज असू शकते. एकालाच ‘हॉरर’ समजून दुसरे विसरणे मात्र तोट्याचे आहे. मधला मार्ग मराठीत महेश कोठारे यांनी काढला. ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू आणि रामदास पाध्ये यांचा बाहुला यांनी मुलांना घाबरायला आणि त्याच दमात हसायला शिकवले.

भयपटांमुळे अंधश्रद्धा वाढते का?

हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, कुणाला करणी करणारा ठरवून त्रास देणे हे त्यानुसार गुन्हे आहेत आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. असा कायदा करावा लागला, यातच परिस्थितीचे वर्णन आले.

तरीही सरसकट भयपटांना दोष देणे पटणारे नाही. पडद्यावरचे भूत प्रेक्षकाने तिकीट काढून, ते खोटे आहे हे जाणून पाहिलेले असते. भीतीची ही मजा मिळते कारण धोका नाही हे मनाला ठाऊक असते. पाळण्यात बसल्यावर पोटात खड्डा पडतो आणि तरी माणूस पुन्हा तिकीट काढतो, तसे. खरी भीती काय असते हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूरबरोबर इथल्या सास्तूरसारख्या गावांनाही उद्ध्वस्त केले. त्या भीतीत मजा नव्हती, कारण तिथे दिवे लागून खेळ संपणार नव्हता.

धोका आहे तो दुसरीकडे. ‘सत्य घटना’ असा शिक्का मारून मोबाइलवर फिरणाऱ्या भुताच्या चित्रफितींत कथा नसते, शेवट नसतो, उलगडा नसतो. ‘महल’ पाहणाऱ्याला शेवटी उत्तर मिळते. चित्रफीत पाहणाऱ्याला मिळते फक्त ती पुढे पाठवण्याची खुमखुमी. ज्याला अंधश्रद्धेची चिंता आहे, त्याने मुलांपासून रहस्यपट लपवू नये. उलट सोबत बसून दाखवावेत आणि मध्यंतरात विचारावे, ‘कुणाचा हात असेल?’

जुन्या चित्रपटांत दोष नाहीत का?

आहेत आणि ते डोळसपणे पाहिले पाहिजेत. नॉयरमधली देखणी स्त्री बहुतेकदा पुरुषाच्या नाशाचे कारण ठरवली जाते. लोभ दोघांचा, बोट मात्र तिच्याकडे. हिंदी रहस्यपटांत खेडूत, माळी, नोकर हे घाबरट किंवा संशयास्पद दाखवले जातात आणि शहरातून आलेला सुशिक्षित नायक त्यांना शहाणपण शिकवतो. कुबड, कुरूप चेहरा किंवा मनोविकार म्हणजेच खुनी, ही खूण तर सर्रास वापरली गेली. हिचकॉक यांच्या ‘सायको’नेही (१९६०) मानसिक आजाराविषयीच्या गैरसमजांना हातभार लावला, अशी टीका होते, ती निराधार नाही. शिवाय ऐन तणावात येणारा विनोदवीर आणि नऊ गाणी यांचा आजच्या प्रेक्षकाला कंटाळा येऊ शकतो. गाणी नसलेला चित्रपट हवा असेल त्याने बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ (१९६०) किंवा यश चोप्रा यांचा ‘इत्तफाक’ (१९६९) पाहावा. हिंदीत गाण्यांशिवाय श्वास रोखून धरता येतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवले.

यांतले काही दोष नव्या मराठी दिग्दर्शकांनी दुरुस्त केले, ही समाधानाची गोष्ट. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) एक गर्भवती तरुणी उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहते. पुढे त्यांनीच त्याचा हिंदीत ‘छोरी’ (२०२१) केला. साखर कारखान्यांच्या आणि ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांच्या या पट्ट्यात हा चित्रपट वेगळाच भिडतो. डोक्याच्या वर गेलेल्या फडात चार सरी आत शिरले, की दिशा कळत नाही, पाचट वाजते पण माणूस दिसत नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. दिग्दर्शकाने भीतीसाठी हवेली शोधली नाही, ऊस पुरला. आणि त्या फडात दडलेले खरे भय आहे मुलगी नको म्हणणाऱ्या घराचे. इथे भूत आहे, पण तेही माणसांनी केलेल्या पापाचा हिशेब मागायला आलेले आहे. ‘बीस साल बाद’च्या परंपरेला हे शोभणारेच आहे.

हे चित्रपट पाहावेत कसे?

‘सायको’ प्रदर्शित झाला तेव्हा हिचकॉक यांनी थिएटरवाल्यांना अट घातली होती, की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचे नाही. त्या काळी प्रेक्षक केव्हाही येत-जात, त्यामुळे अट विचित्र वाटली. आज घरात पाहतानाही तीच पाळावी. सुरुवातीपासून, एका बैठकीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. खोलीतला दिवा बंद असावा. कृष्णधवल चित्रपटात काळ्या रंगाच्या अनेक छटा असतात आणि ट्यूबलाइटखाली त्या सगळ्या राखाडी दिसतात. आवाजाकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यात नळदुर्गच्या पाणीमहालात उभे राहिलेल्याला कळते, की पाणी दिसण्याआधी त्याची गाज मनाचा ताबा घेते. चांगला भयपट तेच करतो. आणि शक्य तर एकट्याने पाहू नये. भीती वाटून घेतली, की मजा वाढते.

सुरुवात करणाऱ्याने क्रमही सांभाळावा. आधी ‘सी.आय.डी.’ (१९५६) किंवा ‘ज्वेल थीफ’ (१९६७) यांसारखे खेळकर, वेगवान चित्रपट. मग ‘पाठलाग’ आणि ‘वो कौन थी?’. त्यानंतर संथ गतीचा ‘महल’. इंग्रजीत ‘रिअर विंडो’ (१९५४) सर्वांत सोपा : पाय मोडून घरात अडकलेला छायाचित्रकार खिडकीतून शेजाऱ्यांकडे पाहत बसतो आणि त्याला संशय येतो. गावाच्या पारावरून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर ठेवणाऱ्याला ही गोष्ट समजवावी लागणार नाही. मग ‘द थर्ड मॅन’ (१९४९), ‘डबल इन्डेम्निटी’ आणि सगळ्यात शेवटी ‘सायको’.

जिल्ह्यात काय करता येईल?

यासाठी मल्टिप्लेक्सची वाट पाहण्याची गरज नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा स्वामित्व हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांच्या हक्काची मुदत २०२४ अखेर संपली. ‘माणूस’, ‘महल’, ‘बीस साल बाद’, ‘वो कौन थी?’ आणि ‘पाठलाग’ हे सगळे त्यात येतात. कथा आणि गाण्यांचे हक्क मात्र स्वतंत्र असू शकतात, आणि जाहीर खेळासाठी प्रमाणपत्र असलेलीच प्रत लागते. त्यामुळे आधी विचारून घेणे शहाणपणाचे. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन) यासाठी मार्गदर्शन घेण्याचे योग्य ठिकाण आहे.

बाकी सामग्री जिल्ह्यात आहेच. महाविद्यालयांत प्रोजेक्टर आहेत, वाचनालयांना सभागृहे आहेत. जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या शहराला महिन्यातून एक चित्रपट दाखवणे जड नाही. खेळानंतर अर्धा तास चर्चा ठेवावी. त्यात एखादा वकील असावा, एखादा मानसोपचारतज्ज्ञ असावा, अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारा कार्यकर्ता असावा आणि ज्यांनी हे चित्रपट तंबूत जमिनीवर बसून पाहिले ते म्हातारे तर हवेतच. बायकांना आणि मुलींना घरी परतण्याची काळजी राहू नये अशी वेळ ठेवावी, नाहीतर अंधाराची मजा पुन्हा पुरुषांपुरतीच उरेल.

असा एक खेळ ‘पाठलाग’ने सुरू करता येईल. दिवे बंद होतील, न्यायालयात ती स्त्री उभी राहील आणि सांगेल, की मीच तुमची पत्नी. प्रेक्षकांत जमिनीच्या खटल्यात वर्षानुवर्षे तारखा घेणारे बसलेले असतील. कोण खरे बोलते आहे, हे ओळखायची त्यांची सवय जुनी आहे.